प्लास्टिक टाळताना आपलं ओझं कोणाच्या डोक्यावर जातं?

ठाण्याहून एका ताईंनी विचारलंय: "घरात नवं प्लास्टिक आणायचं नाही असं मी ठरवलंय. नवरा म्हणतो, कारखाने टनावारी बनवतात, तुझ्या चार पिशव्यांनी काय होणार? सासूबाईंना हे नवं खूळ वाटतं. ही खरंच नीतीची गोष्ट आहे की माझा हट्ट? आणि नीतीची असेल तर सुरुवात कुठून करू?"

ताई, तुमच्या यजमानांचं गणित बरोबर आहे, हे आधी मान्य करू. 2015 सालापर्यंत जगात सुमारे 830 कोटी टन प्लास्टिक तयार झालं होतं आणि त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी जेमतेम 9 टक्क्यांचा पुनर्वापर झाला, असा हिशोब शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये मांडला. आपल्या देशात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकड्यांप्रमाणे 2020-21 या एका वर्षात 41 लाख टनांवर प्लास्टिक कचरा झाला. यात एका घराच्या पिशव्या शोधायला गेलात तर हाती शून्यच येणार. समुद्र वाचवायचा या एकाच हेतूने तुम्ही हे करत असाल तर दोन-तीन महिन्यांत दमाल. समुद्र तसाच राहील आणि घरातले लोक म्हणतील, बघ, सांगितलं होतं.

पण नीतीचा हिशोब असा बेरजेने होत नाही. लाच न घेणारा कारकून संध्याकाळी घरी जाऊन देशातला भ्रष्टाचार किती टक्क्यांनी घटला ते मोजत नाही. तो लाच घेत नाही, कारण समोरच्या माणसाची अडवणूक त्याला करायची नसते. प्लास्टिकचंही तसंच आहे. आपण घरात सोय विकत घेतो आणि तिचा त्रास दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जातो. तो दुसरा बहुतेक वेळा आपल्याहून गरीब असतो आणि त्याचं ऐकून घेणारं कोणी नसतं. पुण्यात सोसायट्यांमधून कचऱ्याचं वर्गीकरण बसवून देण्याचं आणि ओला कचरा जिरवायला शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या कामात मला पक्कं पटलेलं एवढंच आहे: आपलं ओझं आपण उचलायचं, दुसऱ्यावर ढकलायचं नाही. पुढचं सगळं त्यातून येतं.

हे ओझं नेमकं कोणावर जातं, ते बघू.

पहिली व्यक्ती तुमच्या दारात रोज सकाळी येते. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरावेचकांची संघटना. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि तिच्या सभासद घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. त्या ताई कचरा नेतात म्हणजे काय करतात, ते एकदा त्यांच्या शेजारी उभं राहून बघा. आपण गाठ मारून दिलेली पिशवी त्यांना हाताने सोडावी किंवा फाडावी लागते. आत कालची आमटी, तिच्यात बुडालेला वेफर्सचा पुडा, अर्धी दह्याची पिशवी, कानकोरण्या, दाढीचं पातं आणि कधी कधी नुसत्या पिशवीत कोंबलेलं सॅनिटरी पॅड. हातमोजे घातले तरी ओलं पाणी बोटांपर्यंत जातं, आणि उन्हाळ्यात तर पिशवी उघडताच वास डोक्यात जातो. म्हणून या बायकांनी लोकांकडे साधी मागणी केली: पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका द्या, म्हणजे आम्हाला ते उघडून बघावं लागणार नाही. एवढी साधी गोष्ट मागावी लागली, यातच सगळं आलं.

यातलं प्लास्टिक पुढे भंगारात जातं, पण सगळं जात नाही. पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या स्वच्छ पिशव्या, तेलाचे कॅन, जाड डबे, बादल्या यांना भाव आहे. वेफर्स, बिस्किटं, नमकीन, शाम्पूच्या पुड्या यांना बहुतेक ठिकाणी भंगारवाला हातच लावत नाही. त्यात प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात, ते वेगळे करणं परवडत नाही. थर्माकोल नुसतं जागा खातं, वजन काहीच नाही. आणि भाव असलेली वस्तूसुद्धा आमटीने माखली की तिचा भाव पडतो. म्हणजे आपण पिशवी विसळून न देता फेकतो तेव्हा त्या बाईच्या दिवसाच्या कमाईतून पैसे कापतो.

जे विकलं जात नाही ते शहराबाहेर जातं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडत आला. विहिरींचं पाणी बिघडलं, माश्या आणि वास तर रोजचाच. गावकऱ्यांनी किती वेळा गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला जाग आली. तुमच्या जवळचं उदाहरण हवं तर देवनार घ्या. 1927 पासून मुंबई तिथे कचरा टाकत आली. जानेवारी 2016 मध्ये तिथल्या ढिगाला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत होती, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या ढिगाशेजारी राहणाऱ्या मुलांनी धूर श्वासात घेतला. प्लास्टिक वापरल्याचा फायदा मात्र त्यांच्या वाट्याला फारसा आला नव्हता.

गावाकडे हेच ओझं वेगळ्या वाटेने जातं. अंघोळीचं पाणी तापवायला बंब पेटवायचा, तर लाकडाआधी दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या सारायची सवय कितीतरी घरांत आहे. चटकन पेट घेतात, हे खरं. पण पीव्हीसीसारखं क्लोरीन असलेलं प्लास्टिक असं जळताना डायॉक्सिनसारखे विषारी पदार्थ बाहेर पडतात, आणि बंबाशेजारी सकाळी पहिली उभी असते ती घरातली बाई. गावी जाल तेव्हा हे आवर्जून सांगा. माझ्या मते शहरातल्या शंभर पिशव्या वाचवण्यापेक्षा एक बंब प्लास्टिकमुक्त करणं जास्त मोलाचं आहे.

आणि गाई. उष्टं-खरकटं गाठ मारलेल्या पिशवीत बांधून रस्त्यावर ठेवलं की गाय ती पिशवी सोडून आतलं अन्न खात नाही, अख्खी पिशवी गिळते. ती तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात साठत जाते, पुढेही सरकत नाही आणि पचतही नाही. गाय हळूहळू खाणं सोडते. पोट फाडून पिशव्यांचे गोळे काढायची वेळ पशुवैद्यांवर येते, तीही कोणी त्या गाईला वेळेवर आणलं तर. पितृपक्षात गाईला घास देणाऱ्या घराने हा विचार करायलाच हवा. सासूबाईंशी बोलताना मी असते तर इथूनच सुरुवात केली असती.

आता कायद्याकडे येते, कारण "सरकारने बंदी घातलीय ना, मग?" हा प्रश्न हमखास येतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. तुंबलेल्या गटारांत पिशव्याही होत्या. त्यानंतर राज्यात 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. मार्च 2018 मध्ये महाराष्ट्राने पिशव्या, थर्माकोलची ताटं-वाट्या यांवर मोठी बंदी घातली. दंड पहिल्या वेळी 5,000, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्र सरकारची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी 1 जुलै 2022 पासून लागू झाली: स्ट्रॉ, कप, चमचे, कानकोरण्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, मिठाईच्या खोक्यावरचं पातळ आवरण वगैरे. पण किराणामालातलं कंपन्यांचं वेष्टण जवळजवळ जसंच्या तसं राहिलं.

आणि मंडईत काय होतं? भाजीवाली पातळ पिशव्या बसायच्या पाटाखाली लपवून ठेवते. गिऱ्हाईक म्हणतं, "मावशी, एक पिशवी द्या ना, नाही आणली." ती देत नाही म्हणाली तर गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर जातं. दिली आणि पथक आलं, तर दंड तिला, तिच्या दोन-तीन दिवसांच्या धंद्याएवढा. मागणाऱ्याला कोणी विचारत नाही. ताई, घरात प्लास्टिक येणं थांबवायच्या आधी हे वाक्य थांबवा. पिशवी विसरलात तर तीन वांगी पर्समध्ये घाला, पदरात घ्या, नाहीतर भाजी उद्या न्या. पण तिला पिशवी मागू नका. माझ्या नजरेत हे सगळ्यात वरचं आहे. दिसायला छोटी गोष्ट आहे, पण आपली सोय आणि तिची जोखीम हा सौदा इथे समोरासमोर होतो.

आता सुरुवात कुठून करायची ते सांगते.

सगळ्यात आधी, घरात असलेले प्लास्टिकचे डबे फेकू नका. लोक उत्साहात हेच करतात: एका रविवारी सगळे डबे भंगारात आणि काचेच्या बरण्यांची मोठी ऑर्डर, तीही बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून येते. आहे ते प्लास्टिक तुटेपर्यंत वापरणं हेच त्याच्याशी प्रामाणिक वागणं. फक्त कामं बदला. गरम, तेलकट, आंबट पदार्थ प्लास्टिकमध्ये ठेवू नका, कारण उष्णतेने आणि तेलाने प्लास्टिकमधली द्रव्यं अन्नात जास्त उतरतात. लोणचं काचेत किंवा चिनी मातीच्या बरणीत, गरम भाजी स्टीलमध्ये. रिकामे झालेले प्लास्टिकचे डबे शिवणाचं सामान, खिळे, बॅटऱ्या, मुलांचे रंग यांना द्या.

मग ज्या गोष्टी आपल्याकडे अजून प्लास्टिकशिवाय चालू आहेत, त्या सांभाळा. पिठाची गिरणी हे त्याचं उत्तम उदाहरण. गहू-ज्वारी डब्यात भरून न्यायची, झाकणावर किंवा चिठ्ठीवर नाव टाकायचं, संध्याकाळी दळण आणायचं. यात एक चिमूटभर वेष्टण नाही आणि पीठही ताजं. पण पाकिटातल्या पिठामुळे गल्लोगल्लीच्या गिरण्या बंद पडत चालल्या आहेत. एकदा गिरणी बंद झाली की तुमच्या इच्छेला विचारतं कोण? म्हणून मी लोकांना सांगते, नवं काही करण्याआधी दळण सुरू करा. तसंच इस्त्रीवाला, चांभार, बॅगेची चेन बदलणारा, मिक्सर दुरुस्त करणारा, आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण. यांना काम देत राहणं हीसुद्धा प्लास्टिक टाळण्याचीच बाजू आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात डाळ-तांदूळ-साखर अजून सुटी मिळते. पिशव्या घेऊन जा आणि दुकानदाराला गर्दी नसलेली वेळ विचारा. सकाळी साडेदहाला गर्दीत सात पिशव्या पुढे केल्यात तर तो वैतागेल आणि त्याचं बरोबरच असेल. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर मात्र भेसळीमुळे कायद्याची बंधनं आहेत, त्यामुळे दुकानदाराशी त्यावर वाद घालू नका. तेलाचा मोठा पत्र्याचा डबा दोन-तीन घरांत मिळून घेणं हा आमच्याकडे चाललेला मार्ग.

पिशव्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच फसगत जास्त होते. नव्या कापडी पिशव्या विकत घेऊन ढीग करण्याने काही साधत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये हिशोब केला होता: हवामानावरचा परिणाम बघितला तर सुती पिशवी किमान 131 वेळा वापरली तरच ती एकदा वापरून टाकलेल्या साध्या प्लास्टिक पिशवीच्या तोडीस येते. कापूस पिकवायला पाणी, खत, औषधं लागतात, ते सगळं त्यात आलं. म्हणून पिशवी जुन्या कापडाची हवी. कॉटनची विरलेली साडी, धोतर, पलंगपोस, बाबांचे जुने शर्ट. विरलेल्या साडीचा पदर आणि काठ मजबूत असतात, बंद त्यांचेच करा. मधलं मऊ कापड पालेभाज्यांच्या लहान पिशव्यांना. बंद नुसते टाचू नका, तळाशी चौकोन शिवून आत फुलीची शिलाई मारा, नाहीतर कांदे-बटाटे भरले की तिथेच उसवतं. एका साडीत घराला पुरतील एवढ्या पिशव्या होतात. आणि त्या कपाटात ठेवू नका. दाराशी चपलांच्या वर खुंटीला, एक स्कूटरच्या डिकीत, एक ऑफिसच्या बॅगेत. पिशवी विसरणं हा बहुतेक वेळा निश्चयाचा दोष नसतो, पिशवी चुकीच्या जागी असते.

मंडईत भाजीवालीला सांगायचं, तागडीतून थेट पिशवीत टाका. खाली बटाटे-कांदे, मग गाजर-काकडी, टोमॅटो आणि पालेभाजी वेगळ्या पिशवीत. घरी आल्यावर कोथिंबीर धुवायची नाही. मुळं कापून, पिवळी पानं काढून, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून स्टीलच्या डब्यात, झाकण लावून फ्रीजमध्ये. आठवडाभर सहज टिकते, प्लास्टिकच्या पिशवीत ती तिसऱ्या दिवशी चिकट होते. भेंडी कोरडी, कागदावर. पालक-मेथी किंचित ओलसर फडक्यात. मासे आणि चिकनला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्या. कोळीण तुम्हाला पहिल्यांदा बघून हसेल, पण तिसऱ्या वेळी स्वतःच म्हणेल, द्या ताई डबा. डबा घरी आल्यावर आधी गार पाण्याने धुवा, मग साबणाने. गरम पाणी आधी घातलं तर वास जात नाही.

दूध हा खरा अवघड भाग आहे आणि इथे ताठरपणा नको. ओळखीच्या गवळ्याचा रतीब आणि आपली किटली असेल तर उत्तम, दूध नीट उकळून घ्या. काही शहरांत काचेच्या बाटलीतून दूध येतं, ते महाग पडतं. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल आणि पिशवीतल्याच दुधाचा भरवसा वाटत असेल तर पिशवी घ्या. मन खाऊ देऊ नका. फक्त दोन गोष्टी पाळा. कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडायचा नाही, चीर द्यायची आणि तो पिशवीला लटकता ठेवायचा. तो नखाएवढा तुकडा कोणी वेचू शकत नाही, तो मोरीतून गटारात आणि गटारातून नदीत जातो. दुसरं, पिशवी थोड्या पाण्याने विसळून ते पाणी झाडांना घालायचं, पिशवी उलटी करून ओट्याच्या भिंतीवर चिकटवायची. संध्याकाळपर्यंत वाळते. महिन्याचा गठ्ठा कचरावेचक ताईंना कोरडा द्या, त्याचे पैसे त्यांच्या हातात पडतात.

कचऱ्याच्या डब्याला आतून पिशवी लावायची गरज नसते. जुन्या वर्तमानपत्राचं दुमडून खोकं करा, नाहीतर डबा नुसताच वापरा आणि रोज धुवा. ओला कचरा घरी जिरवता आला तर अर्ध्याहून जास्त प्रश्न तिथेच मिटतो, कारण कोरड्यात ओलं न मिसळलेलं प्लास्टिक स्वच्छ राहतं आणि विकलं जातं. वर्तमानपत्र एवढ्याच कामाला वापरा. वडापाव-भजी त्यात बांधून आणू नका, शाईतली द्रव्यं अन्नाला लागतात आणि अन्नसुरक्षेच्या नियमांनी त्याला मनाई आहे.

आता पर्यायांच्या नावाखाली जे विकलं जातं त्याबद्दल, कारण चांगल्या मनाची माणसं इथे पैसे घालवतात. साडीच्या दुकानात मिळणारी रंगीत, कापडासारखी दिसणारी पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे प्लास्टिकच. ओळखायचं कसं? तिला विणकामाचे उभे-आडवे धागे नसतात, ठिपक्या-ठिपक्यांचा ठसा असतो, आणि उन्हात ठेवली की काही महिन्यांनी भुगा होऊन हातात येते. तो भुगा मातीतून वेचणं अशक्य. कागदी कपाच्या आत पाणी झिरपू नये म्हणून प्लास्टिकचा थर असतो. खरगपूरच्या आयआयटीने 2020 मध्ये दाखवलं की 100 मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटं अशा कपात ठेवलं तर त्यात प्लास्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. यंत्रावर दाबलेल्या पत्रावळीवरही हल्ली प्लास्टिकचा चकचकीत पापुद्रा असतो, नख लावून सोलून बघा. 'कंपोस्टेबल' लिहिलेली पिशवी घरच्या कुंडीत विरघळेलच असं नाही, बऱ्याच पिशव्यांना मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते. आणि बांबूच्या टूथब्रशचे केस सहसा नायलॉनचेच असतात. तो वापरा हवं तर, पण टाकताना केस वेगळे करा.

सणासुदीला सगळ्यात जास्त भान ठेवावं लागतं. संक्रांतीचं हळदीकुंकू घ्या. वाणात प्लास्टिकच्या डब्या, गाळण्या, चिमटे, टोपल्या. ज्या बाईने दिलं तिला ते स्वतःला नको असतं, घेणारीलाही नको असतं, पण परंपरा म्हणून फिरत राहतं. पन्नास जणींना पन्नास वस्तू म्हणजे आपल्या हौसेचा कचरा पन्नास घरांना वाटणं. मूठभर तीळ, गूळ, देशी वाणाचं बी, घरी शिवलेली छोटी पिशवी, पितळी दिवा, एखादं रोप, काहीही चालेल. मात्र दुसरीने प्रेमाने दिलेलं वाण परत करून तिला खजील करू नका. घ्या, हळदीकुंकू लावा, नमस्कार करा. पुढच्या वर्षी तुमचं वाण बघून तिला जे कळायचं ते कळेल. लग्नकार्यात मात्र मी स्पष्ट बोलते, कारण तिथे ठरवणारे आपणच असतो: 200 मिलिलिटरच्या पाण्याच्या बाटल्यांऐवजी पिंप आणि स्टीलचे पेले, आणि वाढपी-धुणाऱ्यांना त्याची जादा मजुरी ठरवून द्यायची.

ही जादा मजुरी मी मुद्दाम म्हणाले. प्लास्टिक ज्या श्रमांची जागा घेतं, ते श्रम प्लास्टिक घालवल्यावर परत येतात. स्टीलचे डबे घासायचे, बाळाची दुपटी-लंगोट धुवायची, फडकी वाळत घालायची, दळण आणायचं, विरजण लावायचं. हे सगळं घरातल्या बाईवर किंवा घरकामाच्या ताईंवर येत असेल तर आपण ओझं फक्त एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर ठेवलं. तुमच्या घरात निर्णय तुमचा आहे, पण काम कोणाचं होणार आहे हे आधी ठरवा. भांडी वाढली तर घरकामाच्या ताईंचा पगार वाढायला हवा, न विचारता. दळण आणणं, मंडई, सुक्या कचऱ्याची विसळ-वाळवण ही कामं यजमानांना द्या. चार रविवार दळण आणलं की "तुझ्या चार पिशव्यांनी काय होणार" हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. तो सोडवण्यात त्यांचाही हात लागलेला असतो. बाळासाठी दिवसा लंगोट आणि रात्री डायपर अशी सोय पुष्कळ घरं करतात, त्यात कमीपणा काहीच नाही. पाळीसाठी कप किंवा कापडी पॅड हा ज्या त्या बाईचा स्वतःचा निर्णय. सुनेला, मुलीला माहिती द्यायची, भाग पाडायचं नाही.

सासूबाईंना खूळ वाटतं असं तुम्ही लिहिलंत. त्यांना सल्ला देण्याऐवजी विचारून बघा. तूप कशात साठवायचात, पापड-सांडगे पावसाळ्यात कसे टिकवायचात, प्रवासात दशम्या कशात बांधायचात, शेवयांना कीड लागू नये म्हणून काय घालायचात. हे सगळं त्यांना येतं, आपल्या पिढीने विचारलेलं नसतं. आणि त्या प्लास्टिककडे का वळल्या तेही ऐका. पाणी भरायला पितळी कळशी उचलताना मान मोडायची, हलकी प्लास्टिकची घागर आली तेव्हा सुटका वाटली, असं सांगणाऱ्या कितीतरी आजी मला भेटल्या आहेत. त्यांची ती सुटका खरी होती. प्लास्टिकला नुसतं पाप ठरवणाऱ्यांना हे दिसत नाही.

म्हणूनच दुसऱ्याच्या प्लास्टिकवर बोट ठेवण्यापासून स्वतःला आवरा. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी बाई रुपयाची शाम्पूची पुडी घेते, कारण बाटलीचे दोनशे रुपये एकदम तिच्याकडे नसतात. जिथे पाणी दिवसाआड अर्धा तास येतं तिथे कापडी पॅड धुवा असं सांगणं हा आपला कोरडेपणा आहे. सलाईन, इन्सुलिन, औषधांची वेष्टणं, थरथरत्या हातांना लागणारा स्ट्रॉ, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे डायपर, यांची गणना टाळायच्या प्लास्टिकमध्ये करूच नका. ज्यांच्याकडे निवडीची सोय आहे त्यांनी निवड करायची. तुम्ही-आम्ही त्यांत येतो, म्हणून प्रश्न आपल्याला आहे.

आणि कंपन्यांचं काय, हा यजमानांचा मुद्दा तिथेच राहतो. वेष्टण गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम देशात आहेत. ते नीट पाळले जावेत म्हणून ग्राहक म्हणून लिहा, नगरसेवकाला विचारा, सोसायटीच्या सभेत विषय काढा. घरात प्लास्टिक टाळणारा माणूस हे जास्त नेमकेपणाने विचारू शकतो, कारण नेमकं काय टाळता येत नाही हे त्याला ठाऊक असतं. दोन्ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत.

तर ताई, या आठवड्यात काही विकत घेऊ नका, काही सोडूही नका. घरातलं सगळं सुकं प्लास्टिक धुऊन-वाळवून एका पोत्यात साठवा. रविवारी घरच्या सगळ्यांसमोर जुन्या चादरीवर ओता आणि दोन ढीग करा: भंगारवाला घेईल ते आणि घेणार नाही ते. शक्य झालं तर तुमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना चहाला थांबवा आणि तो ढीग दाखवून विचारा, यातलं तुम्हाला जास्त त्रासाचं कुठलं? त्या एका क्षणात सांगतील. बहुधा खाऊचे पुडे निघतील, नाहीतर खरकटं भरलेल्या गाठी. त्या जे दाखवतील ते घरातून सगळ्यात आधी बंद करा, त्याला महिना लागला तरी चालेल. ते सुटलं की मग पुढची वस्तू.